टाके घातलेली रकाबी

मराठीत आपण ‘कपबशी’ म्हणतो तेव्हा त्यातला कप इंग्रजांचा असतो आणि बशी आपण आपली मानतो. दोघे इतके एकजीव झाले आहेत की त्यांना वेगळे काढायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. आमच्या घरात बोलायला उर्दू, शाळेत मराठी आणि इतवारीच्या बाजारात नागपुरी हिंदी. त्यामुळे भांड्यांचे शब्द आम्हाला तिन्ही वाटांनी मिळाले. प्याला, तश्तरी आणि रकाबी फारसीतून आले. लोणच्याच्या बरणीला दादी मर्तबान म्हणायची. तो शब्द ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराचा. तिथून रोगण चढवलेले मोठे रांजण जहाजांतून सगळीकडे जात. बशीला ती पिरिच म्हणे, तो शब्द पोर्तुगिजांनी दिला. चिनी मातीच्या नावात तर चीन देशच आहे. म्हणजे पाहुण्यापुढे साधा चहा ठेवायचा तरी चार-पाच मुलुखांची भाषा तोंडी येते.

भांड्यांनी एवढी सरमिसळ बिनतक्रार मान्य केली. माणसांनी किती केली, हा प्रश्न आम्हाला पुष्कळ वर्षांपासून छळतो. त्याला कारण आमच्या घरातली एक रकाबी आहे.

ही रकाबी मोठी, लंबगोल आणि निळ्या-पांढऱ्या नक्षीची आहे. मधोमध एक चिनी वाडा, त्याच्यापुढे झुकलेले झाड, नदीवर पूल, पुलावर तीन माणसे आणि वर आकाशात समोरासमोर आलेले दोन पक्षी. काठाला भौमितिक वेलबुट्टी. मागच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत ‘इंग्लंड’ एवढाच ठसा. १८९१ पासून अमेरिकेच्या नव्या जकात कायद्यामुळे परदेशी मालावर देशाचे नाव घालावे लागू लागले आणि इंग्रज कारखानदार असे ठसे सर्रास मारू लागले. त्यावरून आमची रकाबी व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या दहा वर्षांतली किंवा त्यानंतर थोड्याच काळातली असावी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिला तडा गेला आहे आणि मागून पितळेचे पाच टाके घातलेले आहेत. पूर्वी गल्लोगल्ली असे टाके घालणारे कारागीर फिरत. बारीक सामत्याने चिनी मातीला भोके पाडायची, पण ती आरपार जाऊ द्यायची नाहीत. मग तारेचे चाप बसवायचे. हे काम ज्याने केले त्याचे नाव कुणाला माहीत नाही. त्याचे टाके मात्र अजून हललेले नाहीत.

रकाबी घरात आली ती आमच्या परदादांमुळे. ते कामठीच्या छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर खिदमतगार होते. कामठीची छावणी १८२१ची, नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा होण्याच्याही आधीची. छावणीतल्या बंगल्यांवर नोकरांची मोठी उतरंड असे. खानसामा वरचा, मग खिदमतगार, पाणी आणि दारू थंड ठेवणारा आबदार आणि सगळ्यांच्या खाली मशालची. मशालची म्हणजे मूळचा मशाल धरणारा. इंग्रजांच्या घरात तो भांडी घासणारा झाला. यांत मुसलमान पुष्कळ असत, कारण साहेबाच्या ताटातले हाताळले तर जात जाईल ही भीती सवर्ण हिंदूंना होती. आमच्या लोकांना ती नव्हती. डुकराच्या मांसाची अडचण होती, पण पोटही होते.

एका मेजवानीत ती रकाबी तडकली. ती कुणाच्या हातून पडली हे कधीच ठरले नाही. पैसे मात्र परदादांच्या पगारातून कापले गेले. त्या महिन्याचा निम्मा पगार त्यात गेला. दुसऱ्या दिवशी ते रकाबी फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आले. ‘पैसे काटे, तो रकाबी हमारी,’ हे त्यांचे वाक्य आमच्या खानदानात म्हणीसारखे चालते. परदादीने ती तीन वेळा धुऊन, कलमा पढून घरात घेतली. पुढे कुटुंब कामठीहून नागपूरला सदरमध्ये आले, तेव्हा रकाबीही आली. लोक आजही विचारतात, साहेबाने बक्षीस दिली का? दादी ताडकन म्हणायची, ‘बक्षीस नहीं, खरीदी हुई है.’

लहानपणी आम्हा भावंडांना दादी त्या चित्राची गोष्ट सांगायची. दोन प्रेमिक, दुष्ट बाप, पाठलाग आणि शेवटी दोघांचे पक्षी होऊन उडून जाणे. ही चीनची गोष्ट, असेच आम्ही समजत होतो. पुढे वाचनात आले की चीनला ती गोष्ट ठाऊकच नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी चिनी भांड्यांची नक्कल करत ही ‘विलो’ नक्षी जुळवली. नक्षी आधी झाली, गोष्ट मागून आली. १८४९ साली ती एका इंग्रजी मासिकात छापून आली आणि मग जिथे जिथे बशी गेली तिथे गेली. इंग्रजांनी चीनची गोष्ट रचली, ती कामठीतल्या एका मुसलमान घरात उर्दूत सांगितली गेली आणि आम्ही आता ती मराठीत लिहितो आहोत.

पण निळ्या रंगाची हकिकत याहून लांबची आहे, आणि ती आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. सोन्याचांदीच्या भांड्यांत खाणेपिणे हदीसमध्ये मना आहे. मुसलमानी मुलुखांत मातीच्या भांड्यांना एवढी इज्जत मिळाली, त्याचे हेही एक कारण अभ्यासक सांगतात. नवव्या शतकात इराकचे कुंभार चीनच्या पांढऱ्या भांड्यांची नक्कल करू पाहत होते. तशी माती त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी पांढरे रोगण चढवले आणि त्यावर कोबाल्टने निळी नक्षी काढली. त्याच सुमारास चिनी भांडी अरबी बांधणीच्या जहाजांतून पश्चिमेकडे येत होती. असे एक बुडालेले जहाज १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ सापडले. त्यात सुमारे साठ हजार भांडी होती आणि त्यांत निळ्या-पांढऱ्या बशाही होत्या. पुढे चौदाव्या शतकात चीनच्या जिंगडेझेनमध्ये जी प्रसिद्ध निळी-पांढरी भांडी घडू लागली, त्यांचा निळा इराणातून गेलेला होता. काशानजवळच्या कमसर गावी कोबाल्टच्या खाणी होत्या. चिनी लोकांनी या रंगाला पुढे ‘हुईहुई छिंग’ असे नाव दिले. हुईहुई म्हणजे मुसलमान. मुसलमानी निळा!

त्या काळी चीनमधून इराण-अरबस्तानात जाणाऱ्या बशा फार मोठ्या असत. चिनी माणूस लहान वाडग्यातून जेवतो. त्याला एवढ्या बशीचा उपयोग नव्हता. त्या घडवल्या गेल्या त्या दस्तरखानसाठी. चार-सहा माणसे एका तबकाभोवती बसून एकत्र जेवतात, त्यांच्यासाठी. आपल्या बोहरी भावांच्या घरी आजही एकाच थाळाभोवती सगळे बसतात, तीच ही रीत. म्हणजे निळ्या रकाबीचा पूर्वज माणसांना एकत्र बसवण्याच्या कामाचा होता.

व्हिक्टोरियाच्या काळातल्या टेबलाने हे सगळे मोडले. प्रत्येकाची ताटली वेगळी, सूपची वेगळी, माशाची वेगळी, गोडाची वेगळी. कारखान्यांना तेच हवे होते, कारण जितकी बशांची जात निराळी तितकी विक्री जास्त. नक्षी छापायची युक्तीही सोपी झाली होती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात निळा रंग भरायचा, पातळ कागदावर ठसा उचलायचा आणि एकदा भाजलेल्या बशीवर तो कागद घासून बसवायचा. मग कागद धुऊन काढायचा, रोगण चढवायचे, पुन्हा भाजायचे. हे घासण्याचे काम बाया करत, कागद कापायला मुली असत. आमच्या रकाबीच्या काठावर एके ठिकाणी वेलबुट्टीची दोन टोके नीट जुळलेली नाहीत. तिथे बोट ठेवले की स्टॅफर्डशायरमधल्या कुणा बाईची घाई कळते. कामठीचा मशालची आणि ती बाई एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांचे हात एकाच रकाबीला लागले.

हिंदुस्थानही त्या टेबलावर गेला, तो असाच छापून. कॅप्टन विल्यमसन यांच्या शिकारीच्या पुस्तकातली चित्रे स्पोड कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बशांवर उतरवली. अस्वल मारतानाचे चित्र असलेली बशी त्यात आहे. डॅनियल काका-पुतण्यांनी काढलेल्या हिंदुस्थानच्या देखाव्यांवरून लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम कारखान्याने भांडी काढली. त्यांत अलाहाबादजवळच्या, सुलतान परवेजचा म्हणून दाखवलेल्या मकबऱ्याचे चित्र होते. आपण कबरीवर फुले ठेवतो. तिथे मकबऱ्यावर भाजलेले मांस वाढले जात होते. जेवणाऱ्याच्या मनात अपमान करण्याचा हेतू मुळीच नसेल. त्याच्यासाठी तो एक सुंदर देखावा होता, आणि ज्याच्यावर आपले राज्य आहे त्याचा देखावा करणे सोपे असते. जेवणातही हेच झाले. आपली खिचडी त्यांच्या न्याहारीत ‘केजरी’ झाली, तमिळ मिळगु-तण्णी ‘मलिगटॉनी’ सूप झाले आणि दोघांसाठी झाकणाची खास भांडी निघाली.

नक्षी उलट दिशेनेही गेली, आणि त्यातली एक हकिकत महाराष्ट्राची आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचा विभाग चालवला. १८७० नंतरच्या वर्षांत तिथून ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावाने फुलदाण्या, सुरया, तबके बाहेर पडू लागली. रोगणाचे काम जाणणारे कारागीर त्यांनी सिंधमधून आणवले. काशानवरूनच चिनी फरशांना फारसीत ‘काशी’ हे नाव पडले, आणि ते काम करणारे ते काशीगर. सिंध-मुलतानात हा हुन्नर मुसलमान कारागिरांच्या पिढ्यांनी जपला होता. त्याच सुमारास ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली स्कूलचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्या आकृती भांड्यांवर उतरल्या. बौद्ध लेण्यांतली चित्रे, मराठी मुलुखातली शाळा, सिंधी मुसलमानांचे रोगण आणि गिऱ्हाईक इंग्रज! कोणाचे भांडे म्हणायचे ते?

आता पुन्हा नागपूर. हे शहर वसवले बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. तो गोंड राजा, औरंगजेबाच्या दरबारी जाऊन मुसलमान झालेला. त्याच्यामागून भोसले आले. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले आणि जडजवाहीर कलकत्त्याला विकायला गेले. १८६१ साली मध्य प्रांत झाला, १८६३ साली म्युझियम उघडले, ज्याला आपण अजूनही अजब बंगला म्हणतो. १८६७ साली रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस रेल्वेने बंदरावर जाऊ लागला आणि उलट गाडीने इंग्रजी माल येऊ लागला. लिव्हरपूलला गवतात बांधलेल्या बशा कामठीच्या बंगल्यात अशाच पोहोचल्या. देवाणघेवाण हा शब्द आम्हाला आवडतो, पण हिशेब मांडला तर देव आणि घेव यांची पारडी सारखी नव्हती. परदादांचा कापलेला पगार त्या हिशेबातली एक बारीकशी रक्कम होती.

तरीही सगळा दोष साहेबाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही, कारण पुढची गोष्ट आपल्या सर्वांची आहे. चिनी मातीचा कप आपल्या समाजात आला तो बाटगा म्हणूनच. पितळ-तांबे घासून शुद्ध होते, चिनी माती होत नाही, अशी समजूत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहापान झाले. गोपाळराव जोशी यांनी ते घडवून आणले आणि मग हजर असलेल्यांची नावे छापून आणली. रानडे आणि टिळक दोघेही त्यात होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण ते काशीला घेतल्याचे सांगितले. महाराष्ट्राचे एवढे मोठे दोन पुरुष, आणि वाद एका कप चहाचा. पुढे रेल्वे स्टेशनांवर हिंदू चहा, मुसलमान चहा, हिंदू पाणी, मुसलमान पाणी अशा आरोळ्या इंग्रजी राज्य संपेपर्यंत चालल्या.

आमच्या लहानपणी त्या आरोळ्या थांबल्या होत्या, कप थांबला नव्हता. धंतोलीत एका वर्गमित्राच्या घरी आम्ही जात असू. त्याची आई आम्हाला चिवडा मूठभर जास्तच द्यायची, परीक्षेच्या आधी डोक्यावरून हात फिरवायची. चहा मात्र बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात मिळे. पिऊन झाला की आम्ही तो नळावर धुऊन पालथा घालायचो. कुणी शिकवले नव्हते, कळायचे. त्या माउलीच्या मायेत खोट नव्हती आणि कप वेगळा होता, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणे आम्हाला जमत नाही.

आणि आपल्या मोहल्ल्यांचे काय? सफाईला येणाऱ्या बाईसाठी मोरीजवळ जर्मनची वेगळी वाटी कित्येक मुसलमान घरांत असे. दीनमध्ये याला तसूभर आधार नाही. माणसाचे उष्टे नापाक नसते, हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. पण हवा इथलीच होती, ती खिडकीतून आत आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्याच शहरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतरच्या एका सकाळी सफाईवालीच्या जागी आलेल्या तिच्या मुलीने वाटीकडे पाहिले आणि ‘चाय रहने दो’ एवढेच म्हणाली. दादी सांगायची, त्या तीन शब्दांनी जे झाले ते कुठल्या वाजाने झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी घरच्या कपबशीत चहा गेला आणि वाटी कोंबड्यांच्या दाण्याला लागली.

मध्यंतरी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी आला. रकाबी त्याने उलटीपालटी करून पाहिली. टाके नसते तर किंमत बरीच आली असती, म्हणाला. तरीही त्याने सांगितलेला आकडा लहान नव्हता. भाऊ म्हणाला, देऊन टाकू. शोकेसमध्ये ठेवून काय करायचे? भावजय म्हणाली, घराण्याची निशाणी आहे, राहू द्या. दोघांचेही खरे होते. आम्हाला वाटले, भांडे विकण्यासाठी नसते तसे काचेआड ठेवण्यासाठीही नसते. ज्या रकाबीपुढे परदादा आयुष्यभर उभे राहिले, तिच्यापुढे त्यांच्या पोरांनी बसून खावे.

तेव्हापासून रमजानमध्ये ती शोकेसमधून बाहेर निघते. सालनाचा ताप तिला सोसायचा नाही, म्हणून खजूर, केळी आणि मोसमात नागपुरी संत्र्याच्या फोडी तिच्यात मांडतो. इफ्तारला शेजारचे येतात, शाळेतले जुने मित्र येतात. धंतोलीचा तो मित्रही दोनदा येऊन गेला. सगळ्यांचे हात एकाच रकाबीत जातात. तिचा पूर्वज ज्या कामासाठी घडला होता, तेच काम ती सात-एकशे वर्षांनी करते आहे.

हल्ली ईदला शीरखुर्मा कागदी पेल्यांतून वाटण्याची सोय झाली आहे. धुवायला नको, परत करायला नको. सोय चांगली आहे, पण तिच्यात एक पळवाटही आहे. कुणी कुणाच्या कपाला तोंड लावले की नाही, हा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे जुनी रीत अशी की शेजारच्या घरून भरून आलेले भांडे रिकामे परत पाठवू नये. ईदला गेलेली वाटी दिवाळीला अनरसे घेऊन यायची. त्यासाठी भांडे एकमेकांच्या घरात काही दिवस राहावे लागते, धुतले जावे लागते, त्याच्या कडेला दुसऱ्याचे हात लागावे लागतात. म्हणून आमच्या घरी या ईदलाही शीरखुर्मा चिनी मातीच्या वाट्यांतूनच जाईल. वाट्या परत यायला उशीर झाला तरी कुणी मागायला जाणार नाही.